परतीचे दोर

मराठीच्या तासाला वाक्प्रचार द्यायचे आणि मुलांना वाक्ये करून आणायला सांगायचे, हा आमच्या पेशातला जुना रिवाज आहे. मुले बहुधा मार्गदर्शकातले वाक्य उतरवून आणतात आणि आम्हीही त्यावर बरोबरची खूण करून मोकळे होतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार दिला होता. चाळीस वह्यांपैकी एकोणचाळीस वह्यांत सिंहगड होता. कोणी शेलारमामांच्या हाती तलवार दिली होती, कोणी सूर्याजीच्या. चाळिसाव्या वहीत मात्र पुढील वाक्य होते: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असे पावतीवर छापून दुकानदाराने आमच्या परतीचे दोर कापले.’

ते वाचून लाल पेन्सिल माझ्या हातातच राहिली. त्या पावतीचे दुकान मला ठाऊक होते. त्या मुलाला दुकानाची वाट मीच दाखवली होती.

आमच्या शाळेची सहल राजगडावर गेली होती. सहलीपूर्वी मुलांना सूचना द्यायच्या असतात. त्यांत एक सूचना मी पदरची घातली. चपला घालून कोणी येऊ नये. चांगले बूट घ्यावेत. शहरात गिर्यारोहणाचे साहित्य विकणारे मोठे दुकान निघाले आहे, तेथे मिळतील. हा मुलगा आज्ञाधारक. त्याचे वडील बाजार समितीत हमाली करतात. त्यांनी अठराशे रुपये मोजून बूट घेतले. चढताना काही झाले नाही. उतरताना, चोर दरवाज्याखाली कातळाला जिथे रेलिंग लावले आहे, तिथे त्याच्या उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला आणि जबडा वासल्यासारखा लोंबू लागला. तो चार-पाच फूट घसरला. खालच्या मुलाने त्याला धरले, म्हणून कोपर सोलटण्यावर भागले. मी सॅकच्या नाडीने सोल बांधला आणि त्याला हाताला धरून गुंजवण्यापर्यंत उतरवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही तिघे दुकानात गेलो. मी कादंबऱ्या लिहितो आणि प्रसंग रंगवण्याची खोड मला आहे; पण तिथे रंगवण्याजोगे काही घडलेच नाही. कोणी ओरडले नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. भिंतीवर हिमशिखरांची मोठमोठी चित्रे होती आणि त्यांच्याखाली उभ्या असलेल्या तरुणाने बूट हातातसुद्धा न घेता सांगितले, “पाण्यातून चालला असणार.” मुलगा म्हणाला, “नाही सर, पाणी नव्हतंच वाटेत.” तरुणाने पावतीच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुलाचे वडील माझ्याकडे पाहत होते. गुरुजी काही बोलतील, असे त्यांना वाटत असावे. गुरुजी काही बोलले नाहीत. दुकानात झगझगीत दिवे होते, चार सुखवस्तू माणसे आमच्याकडे पाहत होती, आणि मला लाज वाटली. ज्याने लाजायला हवे होते तो खुशाल होता. नागरिकांच्या हक्कांचा पाठ दरवर्षी शिकवणारा मी खाली मान घालून बाहेर पडलो.

मराठीबरोबर इतिहासाचा विषयही माझ्याकडे आहे. एखादी गोष्ट मनाला लागली की ती पूर्वी कोणाला लागली होती का, हे शोधायची मला सवय आहे. त्या वहीतल्या वाक्याने मला त्याच कामाला लावले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम या व्यापाराचा स्वभाव पाहावा लागतो. भाजी घेताना आपण मोडून पाहतो, धान्य ओंजळीत घेऊन वास घेतो, कापड चिमटीत चोळतो. दोराचे तसे नाही. दोर दुकानात कितीही ओढून पाहिला, तरी तो कसा आहे हे कड्यावरच कळायचे. डोंगरातल्या वस्तूची पारख होण्याची जागा दुकानापासून फार दूर असते, आणि तिथे पोचल्यावर चूक सुधारायला अवसर नसतो. म्हणून अशा दुकानात गिऱ्हाईक वस्तूबरोबर दुकानदाराचा शब्दही विकत घेते. तो शब्द खोटा निघाला तर वस्तूचे पैसे परत मिळूनही पुरती भरपाई होत नाही. आणि इथे तर पैसेही मिळत नाहीत.

दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हा धडा युरोपात फार कठोरपणे शिकवला गेला. १४ जुलै १८६५ रोजी स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखरावर पहिल्यांदा माणसाचे पाऊल पडले. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज चित्रकाराच्या पुढाकाराने सात जण वर गेले होते. उतरताना हॅडो नावाच्या कोवळ्या, अननुभवी गिर्यारोहकाचा पाय घसरला. तो पुढच्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळला आणि त्या दोघांच्या ओढीने हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही खेचले गेले. त्यांच्यावर पीटर टाउगवाल्डर हा वाटाड्या, त्याचा मुलगा आणि व्हिंपर असे तिघे दोराला धरून उभे होते. दोर ताणला गेला आणि डग्लस व थोरला पीटर यांच्या मधोमध तुटला. चौघे खाली गेले, तिघे वाचले.

मागाहून कुजबुज झाली, की आपला जीव वाचवण्यासाठी म्हाताऱ्या पीटरने दोर कापला. चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. पण खरी गोष्ट आरोपापेक्षा विलक्षण होती. त्या दिवशी त्यांच्याजवळ तीन प्रकारचे दोर होते. दोन मजबूत होते आणि तिसरा अगदीच हलका. डग्लस आणि पीटर यांच्या मध्ये बांधला होता तो हा तिसरा दोर. चांगला दोर हाताशी असून तो बांधला गेला नाही! त्या तुटक्या दोराचा तुकडा झेरमाट गावच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

याच्या आदल्याच वर्षी, १८६४ मध्ये, लंडनच्या अल्पाइन क्लबने एक समिती नेमून बाजारात मिळणारे दोर तपासले होते. ही संस्था १८५७ साली स्थापन झाली होती. समितीने दोरांना वजने बांधून ती उंचीवरून टाकली. बरेच दोर तुटले, थोडे टिकले. जे टिकले त्यांची शिफारस झाली, आणि अशा पसंत दोराच्या पिळात लोकरीचा एक तांबडा धागा घालण्याची पद्धत पडली. दुकानात गेलेल्या माणसाने दोर थोडा उलगडून पाहायचा. आत तांबडा धागा दिसला की समजायचे, हा दोर कोणीतरी आपल्याआधी तोलून पाहिला आहे. मला त्या धाग्याचे मोठे अप्रूप वाटते. ग्राहकांनी स्वतः घालून घेतलेली ती शाश्वती होती. तिचा पाया दुकानदाराच्या भलेपणावर नव्हता. मात्र धागा घातला म्हणून शहाणपण आपोआप येत नाही, हे पुढच्याच वर्षी मॅटरहॉर्नवर दिसले.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आमच्या बुटाची कथा तिथे हुबेहूब घडून गेली आहे. फक्त शेवट वेगळा आहे. मेन राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी लिऑन लिऑनवुड बीन नावाचा शिकारीचा शौकीन गृहस्थ राहत असे. दलदलीतून हिंडून त्याचे पाय ओले होत. त्याने रबरी तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून एक बूट बनवला. मेन राज्यात शिकारीला येणाऱ्या परगावच्या परवानाधारकांची यादी मिळवून त्याने त्यांना पत्रके धाडली आणि पूर्ण समाधानाची हमी दिली. हे १९१२ साल. शंभर जोड खपले. त्यांतले नव्वद परत आले. शिवण धरत नव्हती आणि चामडे रबरापासून सुटत होते.

शंभरातले नव्वद! कोणताही नवा व्यापारी इथे पावतीच्या तळाची ओळ दाखवील. पाण्यातून चालला असाल, असे म्हणण्याचीसुद्धा बीनला सोय नव्हती, कारण बूट पाण्यासाठीच केले होते. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढले, रबराचा तळ नव्याने घडवून घेतला आणि पुन्हा बूट विकायला काढले. त्यातून जगभर नाव असलेली पेढी उभी राहिली. बीन फार पुण्यवान होता, असे मला म्हणायचे नाही. तो हिशेबी माणूस होता. परत आलेला बूट ही आपल्याला फुकटात मिळालेली तपासणी आहे, एवढे त्याला कळले होते. आमच्या दुकानातल्या तरुणाने बूट हातातच घेतला नाही. त्यामुळे सोल कुठून आणि का सुटला, हे त्याला आजही माहीत नाही. तसलेच बूट तो आजही विकत असेल.

पण सगळे दुकानदार बीनसारखे नसतात. नसले तर ग्राहकाने काय करावे? याचे उत्तर त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअॅटल शहरात मिळाले. लॉइड अँडरसन हे तिथले गिर्यारोहक. पत्नी मेरी शाळेत शिक्षिका. १९३५ च्या सुमारास लॉइड यांना आइस अॅक्स हवी होती. बर्फात पायापुरती खाच पाडायला आणि घसरलोच तर रुतवून थांबायला गिर्यारोहक जी लांब दांड्याची कुऱ्हाड वापरतात, ती ही. गावात मिळाली ती महाग होती आणि पारखून पाहता मनासारखी नव्हती. गावात दुसरी मिळण्याची सोय नव्हती. त्यांनी ऑस्ट्रियातून कुऱ्हाड मागवली. समुद्र ओलांडून ती घरी येऊन पडली साडेतीन डॉलरला, आणि मालही उत्तम.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यात घडते. आपण फसतो, दुसरीकडून चांगली वस्तू मिळवतो आणि चार लोकांत आपल्या चलाखीची फुशारकी मारतो. अँडरसन दांपत्य तिथे थांबले नाही. सोबतच्या गिर्यारोहकांना ती कुऱ्हाड दिसली आणि ‘आम्हालाही मागवून द्या’ असे प्रत्येक जण म्हणू लागला. तेव्हा १९३८ साली या दोघांनी आणखी एकवीस जणांना घेऊन सहकारी संस्था काढली. सभासदत्वाची वर्गणी एक डॉलर. लॉइड यांचा सभासद क्रमांक एक, मेरीबाईंचा दोन. प्रारंभी दुकान म्हणजे त्यांचे राहते घर. शाळा आणि नोकरी सांभाळून हा व्याप चालत असे. वर्षअखेर जो नफा उरेल तो, ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या मानाने, सभासदांना परत द्यायचा.

ही कल्पना अर्थात त्यांची नव्हती. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अठ्ठावीस कष्टकऱ्यांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, भेसळीला आणि उधारीला कंटाळून स्वतःचे दुकान काढले. चोख माल, पुरे माप, रोखीचा व्यवहार आणि खरेदीच्या प्रमाणात नफावाटणी, हे नियम त्यांनी घालून दिले. सहकाराचा तोच झरा पुढे साखर कारखान्यांच्या रूपाने आपल्या प्रवरेकाठीही आला, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. भेसळीच्या पिठाने कंटाळलेला विणकर आणि वाईट कुऱ्हाडीने चिडलेला गिर्यारोहक, दोघांनी काढलेले उत्तर एकच होते: गल्ल्याच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसांनीच पलीकडेही उभे राहावे.

त्या संस्थेने १९५५ साली पहिला पूर्णवेळ नोकर ठेवला. जिम व्हिटेकर असे त्याचे नाव. १ मे १९६३ रोजी हाच व्हिटेकर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. तिथे पोचलेला तो पहिला अमेरिकन. त्याच्यासोबत होता नवांग गोम्बू, आपल्या तेनसिंगांचा भाचा. याच गोम्बूने १९६५ साली कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या भारतीय मोहिमेतून पुन्हा ते शिखर गाठले आणि एव्हरेस्टवर दोनदा चढणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. व्हिटेकर पुढे संस्थेचा प्रमुख झाला. दोर विकणाऱ्याने स्वतः त्या दोराला लोंबकळावे, याहून मोठी हमी कोणती असणार!

सिंहगडच्या कथेचा अर्थही मला इथेच नव्याने कळला. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, तेव्हा परतीचे दोर कापले असे सांगून त्यांना रोखले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर तिच्यातले किती उतरेल हा प्रश्न वेगळा. पण कथेतला दोर कापणारा स्वतः त्याच गडावर उभा होता. दोर कापला तो त्याचाही कापला गेला. म्हणून त्याला तो अधिकार होता. दुकानदार गल्ल्यावर बसून आमचा दोर कापतो आणि संध्याकाळी दुकान बंद करून आपल्या वाटेने घरी जातो.

मात्र इतिहास एकाच बाजूने सांगणे हा लबाडपणा होईल. बीनच्या पेढीने आणि अँडरसन यांच्या संस्थेने पुढे माल कधीही परत आणण्याची सवलत ठेवली होती. लोकांनी तिचे काय केले? वर्षानुवर्षे पायात घालून झिजवलेले जोडे आणून नवे मागितले. दुसऱ्यांनी टाकलेल्या, जुन्या बाजारात चार पैशांना मिळालेल्या वस्तू आणून पैसे मागितले. अखेर सहकारी संस्थेने २०१३ साली मुदत एका वर्षावर आणली. बीनच्या पेढीने तेच फेब्रुवारी २०१८ मध्ये केले. त्याआधीच्या पाच वर्षांत अशा परतीपायी पंचवीस कोटी डॉलर गेल्याचे तिने सांगितले. शंभर वर्षे टिकलेला शब्द दुकानदाराने मोडला नाही, गिऱ्हाइकांनी झिजवून टाकला. आमच्या दुकानातला तो तरुण प्रत्येक परत येणाऱ्याकडे संशयाने का पाहत असावा, याचे थोडे उत्तर यात आहे. पुरते नाही, कारण चार दिवसांचा बूट आणि दहा वर्षांचा बूट यांतला फरक हातात घेतल्यावर कोणालाही कळतो.

आपल्याकडेही पूर्वी काही उणे नव्हते असे नाही. मुंबईत १९५४ साली ‘गिरिविहार’ स्थापन झाली, त्या काळी डोंगरात जाणाऱ्याला दुकानाची आशाच नव्हती. मागली पिढी लष्कराच्या जुन्या बाजारातल्या पाठपिशव्या आणि साधे कॅनव्हासचे बूट यांवर सह्याद्री हिंडली. दुकाने आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण दुकान आले म्हणजे गिऱ्हाइकालाही उभे राहायला शिकावे लागते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि हजारो कुटुंबे गटागटाने एकत्र खरेदी करू लागली. सिअॅटलच्या घरातून जे चालले होते तेच हे, फक्त कुऱ्हाडीच्या जागी तूरडाळ. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे त्यात म्हटले आहे. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत, माल परत घेतला पाहिजे. ‘परत घेणार नाही’ ही काही मुदत नव्हे.

म्हणजे ज्या दिवशी मी खाली मान घालून बाहेर पडलो, त्या दिवशी कायदा आमच्या बाजूने उभा होता, आणि मास्तर असून मला तो ठाऊक नव्हता. दोर कापलेलाच नव्हता. कापला आहे असे त्यांनी सांगितले आणि मी वर मान करून पाहिले नाही.

हे सगळे मी वर्गात सांगितले. माझी मान खाली गेली होती, हेही सांगितले. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. मग तो मुलगाच उभा राहून म्हणाला, “सर, अजून अर्ज करता येईल का?” तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या लहान रकमेला शुल्कही पडत नाही. त्याच आठवड्यात आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. मजकूर मी सांगितला, अक्षर त्याचे, खाली सही त्याच्या वडिलांची. निकाल लागायचा आहे. काय लागेल ते लागो. या खेपेला त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला नजर वळवावी लागली नाही.

बुटाचे छायाचित्र अर्जाला जोडल्यावर प्रश्न राहिला, की मुलाने पायात काय घालावे. एसटी स्टँडासमोर एक म्हातारा चांभार बसतो. त्याने बूट उलटासुलटा केला, सोलाच्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “नुसता चिकटवलाय, शिवलाच नाही.” दुकानात जे कोणी पाहिले नव्हते ते त्याने क्षणात पाहिले. दोन्ही बूट त्याने कडेने पक्के शिवून दिले आणि ऐंशी रुपये घेतले. पावती दिली नाही. त्याच्याजवळ पावतीपुस्तकच नव्हते. आम्ही निघालो तेव्हा मागून हाक मारून म्हणाला, “मास्तर, उसवलं तर आणून द्या. पैसे नाही घेणार.”

मुलगा त्या बुटांनी यंदा तोरणा चढून आला. वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले आहेत.